पार्बतावहिनीनं दलाल निवडला

घराचा दलाल कसा निवडावा असं आमच्या पार्बतावहिनीला कोणी विचारलं असतं, तर तिनं एकच सांगितलं असतं, "त्याले आधी जेवू घाला. खराब जेवू घाला."

आणि ही नुसती बोलायची गोष्ट नव्हती. तिनं ते करून दाखवलं. एकेक दलाल आमच्या ओसरीवर पाटावर बसवला, त्याच्यापुढे ताट मांडलं आणि त्यात असं काही वाढलं की आमच्या बैलांनी ते हुंगून सोडलं असतं. बेसन, म्हणजे तुमचं पिठलं, तळाला लागलेलं. त्यात मीठ दुप्पट. भाकर कडेला कोळसा आणि मधे कच्ची. अंबाडीच्या भाजीत मीठ नावालाही नाही, कारण ते सगळं बेसनात गेलेलं.

आणि तेच ताट माझ्यापुढेही. माझं डोकं फिरायचं ते यानं. मी बापू, त्या घरातला धाकटा दीर. माझा गुन्हा काय? पण वहिनीचं म्हणणं असं, की पाहुण्याला एक आणि घरच्याला एक वाढलं तर दलालाला संशय येईल. दादाला मात्र आत चुलीपाशी चांगल्या पातेल्यातलं मिळायचं. मी ओसरीवर बसून ते करपलेलं बेसन गिळायचो आणि मनातल्या मनात वहिनीला, दलालाला, घराला आणि कापसाला शिव्या द्यायचो.

तिला रांधता येत नव्हतं असं मात्र नाही. मोर्शीच्या बाजूला आमचं लहानसं गाव, त्यात आमची पाटीलकी. वहिनीच्या हातची वांग्याची भाजी खायला लोक काही ना काही काम काढून आमच्याकडे यायचे. अशा बाईला मुद्दाम बिघडवणं जड जायचं. पहिल्या दिवशी तर तिनं तीनदा बेसन केलं. दोनदा ते चांगलंच झालं म्हणून रागानं बाजूला सारलं.

राग हे तिचं दुसरं नाव. पण तिचा राग ओरडण्याचा नव्हता. ती रागावली की आवाज खाली जायचा. दातातून, हळू, एकेक शब्द सुटा करून बोलायची. दादासारखा आडदांड माणूस तिचा आवाज उतरला की बैलांना पाणी दाखवायचं निमित्त करून गोठ्यात जायचा. मी तीन वर्षांचा असताना आई गेली, मला वहिनीनंच वाढवलं, त्यामुळे तो उतरलेला आवाज माझ्या वाट्याला सगळ्यांत जास्त आला.

दिवस कापसाचे होते. समुद्रापलीकडे कुठंतरी मोठी लढाई लागली होती. कोण कोणाशी आणि कशासाठी लढत होतं हे आमच्या गावात कोणालाच ठाऊक नव्हतं. तिकडचा कापूस गिरण्यांना मिळेना आणि म्हणून वऱ्हाडातल्या कापसाला सोन्याचं मोल आलं, एवढं मात्र सगळ्यांना ठाऊक होतं. लोकांनी ज्वारी पेरणं सोडलं. माळ्यांनी परसातली वांगी उपटून तिथं कापूस लावला. बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या आल्या आणि घरात खायला धान्य विकत आणायची पाळी आली. कोणी काही बोललं की म्हणायचे, "कापूस खाऊ!" आता खा म्हणावं.

आणि दलाल! पावसाळ्यात कुत्र्याच्या छत्र्या उगवतात तसे दलाल उगवले. अकोल्याकडे आगगाडीचे रूळ सरकत होते, मुंबईचे व्यापारी अमरावतीत उतरत होते, ज्याच्या हातात दोन पैसे आले त्याला शहरात घर पाहिजे होतं. मग काय, काल बांगड्या भरणारा आज घरं दाखवू लागला. घराची एक वीट न पाहिलेले लोक वाड्यांचे सौदे करू लागले.

आमच्याही हातात पैसा आला आणि शहरात एक घर असावं असं ठरलं. कापूस उतरवायला, बाजाराच्या दिवसांत राहायला. दादा म्हणाला, अकोल्यात घेऊ. वहिनी म्हणाली, अमरावतीत.

"अमरावतीचं नाव काढू नको," दादा म्हणाला.

अमरावतीत आमचा व्याही होता. दादा-वहिनीला एकच पोर, तानी. अमरावतीच्या एका कापसाच्या अडत्याच्या घरी दिलेली. मोठं घर, मोठी पेढी. तानी नांदायला गेली आणि पुढच्याच हंगामात व्याह्यानं निरोप पाठवला की तुमचा सगळा कापूस आमच्याच अडतीवर घाला, आणि भाव मागल्या सालचा धरू, कारण आपण सोयरे. दादानं कापूस बाजारात नेऊन मुंबईच्या व्यापाऱ्याच्या माणसाला विकला. झालं. व्याही भर बाजारात म्हणाला, "पाटलानं सोयरीक इकली." त्याच दिवसापासून तानीचं माहेर बंद. नागपंचमीला पाठवली नाही, दिवाळीला पाठवली नाही. दादा एकदा आणायला गेला तर त्याला ओट्यावरूनच परत लावला. पाणीसुद्धा विचारलं नाही. त्या घराचं नाव काढलं की अजून माझ्या मुठी वळतात.

तेव्हा दादानं अमरावतीला नाही म्हणणं बरोबर होतं. पण वहिनीचा आवाज उतरला.

"त्याच्याच गावात घेऊ," ती म्हणाली. "त्याच्या नाकावर टिच्चून घेऊ. पाहू दे त्याले, जयू दे."

दादा गोठ्यात गेला. अमरावती ठरली.

मला वहिनीचं म्हणणं पटलं होतं हे कबूल करतो. व्याह्याच्या नाकावर टिच्चून घर घ्यायचं या कल्पनेनं मी इतका खूश झालो, की दलाल शोधून आणायचं काम स्वतःहून अंगावर घेतलं. जेवणाची अट तेव्हा मला कोणी सांगितली नव्हती.

पहिला आणला तो मूळचा बैलबाजारातला. रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरवण्यात त्याची हयात गेलेली. घराबद्दलही तो बैलासारखंच बोलायचा. "पाटील, एक घर हाय माह्यापाशी, अजून चार दाती हाय, जवान हाय. वीस वर्सं काम देईन. खोड नाई, लाथ नाई." पाटावर बसला, पहिला घास घेतला आणि त्याचे डोळे पाण्यानं भरले. तरी पठ्ठ्या म्हणाला, "वा वयनी! बेसन असावं तं असं."

आतून वहिनीचा आवाज आला. उतरलेला. "बापू, यायच्या हातावर पानी घाल."

हा तिचा निकाल. हातावर पाणी घालणे म्हणजे जेवण आटोपलं, काम आटोपलं, आता वाटेला लागा.

दुसरा अकोल्याचा. कानात अत्तराचा फाया, जरीकाठी पागोटं. त्यानं वहिनीला साक्षात अन्नपूर्णा म्हटलं. अन्नपूर्णेनं मला त्याच्या हातावर पाणी घालायला सांगितलं. तिसऱ्यानं ताट पाहूनच ओळखलं असावं. तो म्हणाला, आज माझी एकादशी. आतून आवाज आला, "आज नवमी हाय. बापू, हातावर पानी घाल." त्यानं हात ताटाला लावलासुद्धा नव्हता. तरी घातलं.

पुढच्या दलालाच्या वेळी मी अर्ध्या जेवणातून उठलो. सरळ चुलीपाशी गेलो आणि म्हणालो, "वयनी, हे काय लावलं तू? दलालाचं काम घर दाखवाचं. त्याले जेवनाचं काय कयते?"

तिनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. "जो माह्या करपल्या बेसनाले चांगलं म्हनते, तो पडक्या भितीले काय म्हनन?"

"अन् मी? मले काहून खाऊ घालतं?"

"तू दलाल हाय का? तू खाय आपला."

परत जाऊन बसलो.

अशात नथ्थू दलाल आला. तो मी आणलाच नव्हता. अमरावतीच्या बाजारात आमची चर्चा चालली होती की मोर्शीकडचा कोणी पाटील दलालांना जेवायला बोलावतो आणि काम कोणाला देत नाही. ते ऐकून हा माणूस चिडून स्वतःच आला. उंच, वाळका, पागोटं सैल, आणि चेहरा असा की कोणी आत्ताच त्याच्या पायावरून बैलबंडी नेली आहे. आल्या आल्या म्हणाला, "लोकायच्या येळेची किंमत हाय का नाई तुमाले?"

मी म्हणालो, "आधी जेवून घ्या."

तो बसला. एक घास घेतला. थांबला. ताटाकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मी नाक मुठीत धरल्यासारखा गिळत होतो.

"पाटील, तुमी हे रोज खाता?"

मी खाली मान घातली. आठवड्याभरात प्रेमानं विचारणारा तो पहिला माणूस.

नथ्थूनं आतल्या दाराकडे तोंड केलं. "ओ बाई! बेसन करपलं हाय. मीठ दोन खेपा पडलं. भाजीत पडलंच नाई. भाकर कच्ची हाय. ताक असन तं द्या, नाई तं मी उठतो."

मला वाटलं, आता पळीच येते फेकून. पण वहिनी बाहेर आली, डोक्यावरचा पदर सावरला आणि नथ्थूचं ताट उचलून नेलं. दुसरं आणून ठेवलं. वांग्याची भाजी, गरम भाकर, वर तुपाची धार. नथ्थू निवांत जेवला. मग म्हणाला, "हे बरं हाय. तिखट कमी हाय."

"कमी नाई," वहिनी म्हणाली.

"कमी हाय बाई."

"मी वीस वर्सं रांधून राह्यली."

"मंग वीस वर्सं कमी पडून राह्यलं."

दोघं बराच वेळ भांडले. शेवटी वहिनी माझ्याकडे वळली. मी हातात लोटा घेऊन तयारच होतो. ती म्हणाली, "ठेव तो लोटा. हा मानूस आपला दलाल." एवढ्या सगळ्यात माझं ताट बदलायचं कोणालाही सुचलं नाही, ही गोष्ट मी आजही विसरलेलो नाही.

मग घरं पाहणं सुरू झालं. वहिनी, मी आणि नथ्थू. दादानं यायचं नाकारलं. नथ्थू घर दाखवायचा म्हणजे कसा? कुलूप काढतानाच म्हणायचा, "पाह्याचं असन तं पाहा, घेऊ नका." मग भिंतीला थाप मारून माती पाडून दाखवायचा. वाळवी दाखवायचा. विहिरीत खडा टाकायचा आणि म्हणायचा, "आयका. मार्गशीर्षातच पानी खाली गेलं." मालक शेजारी उभा असला तरी त्याला पर्वा नसायची. एका मालकानं त्याला अंगणातच धरला. मला सोडवावं लागलं.

वहिनीला त्याचं सगळं पटायचं. मला वाटलं, चला, हा माणूस निवडण्यासाठी एवढं बेसन गिळलं ते फुकट गेलं नाही.

एक दिवस नथ्थूनं शहराच्या परकोटाच्या आत एक घर दाखवलं. सागाचे खांब, गोड्या पाण्याची विहीर, बंडी उभी करायला मागं मोठं आवार. नथ्थू त्या घरात दोनदा फिरला. भिंती ठोकल्या, आढ्याला काठी लावली. त्याला दोष सापडेना आणि त्यामुळे त्याचा चेहरा आणखी पडला.

"हे घेऊन टाका बाई," तो म्हणाला. "असं परत भेटनार नाई."

वहिनी अंगणात उभी राहून चारी बाजूंना पाहत होती. "नाई," ती म्हणाली.

"काहून?"

"नाई पाह्यजे."

नथ्थूचं पित्त खवळलं. "घर पाह्यजे कशाले ते तं सांगा एक खेप!"

"राहाले."

"मंग राहाले हे चांगलं हाय ना!"

"मंग तुमी राहा."

परत येताना कापसाच्या बाजारापाशी बंड्यांची दाटी झाली, आमची बंडी अडकली. शेजारच्या बोळात एक बंद दार होतं. वहिनी एकाएकी म्हणाली, "ते कोनाचं?"

नथ्थूनं तिकडे पाहिलंही नाही. "त्याचं नाव नका घेऊ. इकाले काढून लय दिवस झाले, कोनी कुत्रं घेत नाई. मागली भीत फुगली हाय. विहिरीले पानी नाई. दिवसभर कापसाचं फूस उडून घरात येते, अन् बंड्यायचा कलकलाट. धाबं गयते. उघडून दाखवाचीबी लाज वाटते मले."

"उघडा," वहिनी म्हणाली.

उघडलं. नथ्थूनं सांगितलेलं सगळं तिथं होतं, वर आणखी वटवाघळं होती. वहिनीनं खोल्या पाहिल्या न पाहिल्या, शिडी धरली आणि धाब्यावर, म्हणजे मातीच्या सपाट छतावर गेली. आम्ही दोघं खाली. बराच वेळ तिची चाहूल नाही. उतरली तेव्हा डोळे लाल झाले होते. मला वाटलं, फूस गेलं डोळ्यांत.

"हेच घ्याचं," ती म्हणाली.

नथ्थूनं डोक्यावरचं पागोटं काढलं, झटकलं, परत घातलं. "बाई, मी नाई म्हनतो. तुमी मले खरं बोलाले ठेवलं. मी खरं बोलून राह्यलो. हे घर घेऊ नका."

"हेच."

"मंग मले ठेवलं काहून?" तो खरोखरच ओरडला. आणि खरं सांगतो, मलाही तेच ओरडायचं होतं. पाच दलालांना खारट बेसन घालून, माझ्या पोटाची वाट लावून, सगळ्या वऱ्हाडात खरं बोलणारा एकुलता एक दलाल शोधायचा, आणि तो नाही म्हणतो तेच घर घ्यायचं?

वहिनी हळू आवाजात म्हणाली, "दुसऱ्या दलालानं हे घर चांगलं हाय म्हनून गयात बांधलं असतं. मले हे किती खराब हाय ते माईत पाह्यजे होतं. तुमी सांगतलं. आता मागली भीत बांधून घेऊ, धाब्यावर माती टाकू. तुमचं काम झालं, अन् चांगलं झालं."

सौदा त्यानंच केला, पडेल तोंडानं. मालकाला मात्र इतकं झापलं की त्यानं भाव निम्म्यावर आणला. दादा घर पाहायला आला तेव्हा उंबऱ्यावर बसला आणि आत आलाच नाही.

कापसाची वेचणी भरात आली. दादा गावी वावरात, आणि वहिनी व मी त्या घरात. माझा मुक्काम म्हणजे शिक्षा होती. भाकरीत फूस, पाण्यात फूस, झोपून उठलं की मिशांवर फूस. पहाटेपासून बंडीवाल्यांची बोंबाबोंब. व्याह्याच्या नाकावर टिच्चून राहायचं होतं म्हणावं, तर त्याची पेढी नि घराचा दरवाजा पलीकडच्या पेठेत. आम्ही इथं आलो हे त्याच्या गावीही नसणार. मग टिच्चायचं कोणाच्या नाकावर?

आणि तिथंच वहिनीचं ते नवीन सुरू झालं. ज्या बाईचा राग आयुष्यभर दातातून आला, ती ओरडायला लागली. दुपारी जेवणं झाली की मिरच्या वाळवायला धाब्यावर जायची आणि तिथून खाली अंगणात बसलेल्या माझ्यावर तोफ डागायची. आवाज असा, की बाजारातले बैल कान टवकारायचे.

"अरे बापू! बैला! कपिला गाय व्याली, कालवड झाली, कपायावर पांढरा चांद हाय, अन् तू अठी बसून राह्यला?"

आता कपिला गाय गावी. तिला कालवड झाल्याचा निरोप काल आमच्या गाडीवानानं आणला, तो मीच वहिनीला सांगितला. मी इथं बसू नको तर कुठं बसू?

दुसऱ्या दिवशी, "अरे येड्या! तुह्या दादाच्या पायातला काटा निंगाला, आता बरे चालतेत ते, तुले काही हाय का त्याचं?"

तिसऱ्या दिवशी, "मेल्या, त्या शेजारच्या सखीचं लगन ठरलं, चांदूरले देल्ली तिले, अन् तुले खबर नाई!"

मला खबर होती. सगळी खबर मीच आणलेली. शिव्या द्यायच्या तर धड द्याव्या! माझा काय दोष, कशासाठी बोलते, काहीच लागत नसे. बोळातली माणसं मला पाहून हसायला लागली. शेजारचे म्हातारे गृहस्थ म्हणाले, "पाटील, वैद्याले दाखवा." लग्न झालेला, मिशीवाला माणूस मी. रोज दुपारी भर बाजारात बैल, येडा, मेला! माझं मस्तक तडकलं.

एका दुपारी तिनं सुरुवात केली आणि मी शिडीला हात घातला. आमच्याकडे पुरुषमाणसानं दिवसा धाब्यावर जायचं नाही अशी रीत. मागच्या परसांत शेजारच्या बायका असतात. म्हणून मी तोवर वर गेलोच नव्हतो. त्या दिवशी मोठ्यानं खाकरलो आणि चढलो. आज सोक्षमोक्ष लावायचा, तू मला वाढवलं म्हणून काय झालं, हे सगळं तोंडावर आणून चढलो.

वहिनी माझ्याकडे पाठ करून उभी होती. अंगण पुढच्या बाजूला, आणि ही मागल्या बाजूला तोंड करून मला शिव्या देत होती.

मी पुढं होऊन तिच्या खांद्यावरून पाहिलं. खाली एक अरुंद बोळ, त्यापलीकडे एका मोठ्या घराचं परस. तिथं एक पोर सूप घेऊन धान्य पाखडत बसली होती. मान खाली. सूप हातात होतं पण हलत नव्हतं. मागं दारात एक जाडजूड बाई कमरेवर हात ठेवून उभी होती. ती आमची विहीण. म्हणजे ही व्याह्याच्या घराची मागची बाजू. आणि ती पोर आमची तानी.

"अरे बापू!" वहिनी ओरडत होती, आवाज फाटत होता, "आपल्या लिंबाखालचा झोका काढू नको म्हनून किती खेप सांगतलं तुले! तसाच बांधून ठेव! कोनी काढाचा नाई तो!"

विहीण नुसती धुमसत होती. आपल्या दिरावर आपल्या धाब्यावरून ओरडणाऱ्या बाईला ती काय बोलणार?

तोंडावर आणलेलं सगळं मी विसरलो. तानीनं मान वर केली नव्हती. वर करायची सोय नव्हती. ती वाळली होती. हातात बांगड्या सैल झाल्या होत्या. मला व्याह्याचा इतका राग आला की डोळ्यांपुढं अंधारी आली. आणि मग मी काय केलं, ते मलाच कळलं नाही. मी वहिनीवर जीव तोडून ओरडलो.

"मले काय सांगतं! झोका तसाच हाय! मी नवा दोर लावला त्याले! अन् कालवडीचं नाव अजून ठेवलं नाई, कोनाची वाट पाहून राह्यले ते तुले माईत नाई का!"

वहिनी दचकून वळली.

खाली परसात एक बकरी बांधलेली होती. तानी उठली, सूप बाजूला ठेवलं आणि त्या बकरीपुढं जाऊन उभी राहिली. आमची तानी जन्मात कोणावर ओरडली नव्हती. लहानपणी मांजरीनं दूध सांडलं तरी तिला समजावून सांगायची. ती त्या बकरीवर किंचाळली.

"खाय ना व! पोटभर खाय! मी जेवली ना, मी बरी हाव ना, मंग तू काहून इतली वरडून राह्यली!"

"कोनाशी बोलते व?" विहिणीनं दारातून विचारलं.

"बकरीशी, आत्याबाई," तानी म्हणाली आणि सूप उचलून पुन्हा पाखडायला बसली. आता सूप हलत होतं.

वहिनी मिरच्यांपाशी खाली बसली आणि उगाच मिरच्या वरखाली करत राहिली. त्याच हातानं डोळे पुसले असते तर आग झाली असती, म्हणून तिनं ते वाहू दिले. थोड्या वेळानं नेहमीच्या खालच्या आवाजात म्हणाली, "आवाज खणखणीत हाय तिचा. परवा शिंकत होती, सर्दी गेली." मग म्हणाली, "खाली जाय बापू, ऊन लागन."

मी खाली आलो. वैद्याचं सांगणारे ते म्हातारे गृहस्थ दारात उभे होते. त्यांना मी काय बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही.

पुढं ती लढाई संपली, कापसाचा भाव पडला, पागोटेवाले दलाल जसे आले तसे नाहीसे झाले. व्याह्याची पेढी हलली आणि मानही खाली आली. तानी माहेरी आली. पण त्याला अजून वेळ होता. तोवर सगळा हंगाम आम्ही त्या घरात फूस खात काढला.

मी धाब्यावर चढलो त्याच्या दुसऱ्याच दिवशी जेवण झालं, हात धुतले, आणि वहिनी मिरच्यांचं टोपलं घेऊन शिडीकडे निघाली तेव्हा मीच तिला अडवलं.

"वयनी, आज कशावरून भांडाचं?"

तिनं जरा विचार केला.

"तुह्या दादाच्या खोकल्यावरून," ती म्हणाली. "बरा झाला म्हनून सांगाचं हाय."